ऑक्सिटोसिन हाती घेण्याआधी

चि. सायलीस,


प्राथमिक आरोग्य केंद्रात तुझी नेमणूक झाल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला. लेबर रूममध्ये तुझ्या हाती रोज ऑक्सिटोसिन येईल. सवयीच्या औषधाची ताकद विसरायला होतं, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहिते.

हे संप्रेरक हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात साठतं. या भागाच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवून दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं जनावरांच्या ग्रंथींचा अर्कच बाळंतपणात वापरला जाई. विन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी.

बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री झाली, की मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन द्यायचं. वार सुटते तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाचा स्नायूच आवळून धरतो. तो सैल राहिला तर धडधाकट बाई थोड्या वेळात हातची जाते. बाळाला लगेच छातीशी दे. त्याच्या चोखण्यानं आईच्या अंगातलं ऑक्सिटोसिनही सुटतं.

हेच औषध बाळ होण्याआधी मात्र फार जपून. नातेवाईक म्हणतील, "सिस्टर, एक इंजेक्शन देऊन मोकळं करा ना हिला." ऐकू नकोस. रक्तात ते काही मिनिटांतच निम्मं होतं, म्हणून सलाइनमधून मोजून चालू असेल तर थांबवता येतं. स्नायूत टोचलेलं मागे घेता येत नाही. दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैल पडतं तेव्हा वारेकडे रक्त नीट पोहोचतं. एकीला लागून दुसरी कळ येऊ लागली की बाळ गुदमरतं, आणि आधीचं सिझेरियन असेल तर व्रण फाटू शकतो. म्हणून कळा वाढवण्याचा निर्णय डॉक्टरांचा, आणि तोही जिथे बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवता येतं आणि सिझेरियनची सोय आहे अशाच ठिकाणी. तासन्‌तास ऑक्सिटोसिन चाललेलं गर्भाशय पुढे त्याला नीट दाद देत नाही; अशा बाईवर बाळंतपणानंतर जास्त डोळा ठेव.

शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिनची आणि याची घडण दोनच अमिनो आम्लांनी वेगळी. त्यामुळे मोठ्या मात्रेत, नुसत्या ग्लुकोजच्या बाटल्यांतून दिलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येतात. आणि शिरेतून एकदम ढकललं तर रक्तदाब कोसळतो.

आता फ्रिजचं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात ट्रेमध्ये उघड्यावर पडून राहिलेला अँप्युल दिसायला अगदी तसाच दिसतो, पण ऐन वेळी त्यावर विसंबता येत नाही. याच अडचणीवर बेळगाव जिल्ह्यात मोठं काम झालं. तिथे एएनएमनी (साहाय्यक परिचारिका-सुईणींनी) खेड्यांतल्या बाळंतिणींना फ्रिज न लागणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडावाटे दिल्या, आणि अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ साली 'द लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. तुझ्यासारख्याच मुलींनी केलेलं काम आहे ते, म्हणून मला त्याचं विशेष अप्रूप. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिनही आता आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये त्याची शिफारस केली. पण जिथे चांगलं ऑक्सिटोसिन आहे, तिथे पहिला मान त्याचाच.

तेव्हा रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी फ्रिजचा थर्मामीटर चालू आहे ना, वीज गेल्यावर अँप्युल कुठे हलवतात, हे विचार. सोय नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळव, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस.

तुझी,
मावशी