वेदना, प्रारब्ध आणि गोळी

देहाचे दुखणे प्रारब्धाचा, म्हणजे फळ देऊ लागलेल्या पूर्वकर्माचा, भोग समजून सोसावे की औषधाने घालवावे, हा प्रश्न भारतीय विचाराला नवा नाही. आयुष्य सर्वस्वी आधीच ठरलेले असते तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता, असा रोखठोक युक्तिवाद चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. कर्मसिद्धान्त अत्यंत काटेकोरपणे मांडणाऱ्या जैन परंपरेने सुखदुःखाचा अनुभव देणारे ‘वेदनीय’ कर्म मानले, आणि तरीही औषधदानाला चार प्रमुख दानांत स्थान दिले. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी सोयाबीनच्या सोंगणीत कंबर धरली की ‘भोग आहे’ म्हणणारा आणि गोळी घेऊन पुन्हा विळा उचलणारा माणूस बहुधा एकच असतो. त्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही.

मात्र गोळी कोणती, हा प्रश्न तत्त्वचिंतनातही गौण ठरत नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ही नेहमीची औषधे दुखणे उतरवतात, पण दुखणे जाणणाऱ्या चित्ताला फारसा हात लावत नाहीत. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांच्या संयुक्त गोळीची गोष्ट वेगळी आहे, कारण ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूतील मॉर्फिनप्रमाणे मेंदू व मज्जारज्जूवर काम करणारे द्रव्य, आहे. (तिच्यावर अंगदुखीची साधी गोळीही घेतली, तर पॅरासिटामॉलची मात्रा नकळत वाढून यकृताला धोका होऊ शकतो, हे वेगळेच.) ओपिऑइडने पुष्कळदा वेदना उरते, पण तिची बोच जाते, ‘दुखतं, पण त्याचं काही वाटत नाही’, असे रुग्ण सांगतात. वरवर पाहता हा वेदान्तातील साक्षीभाव, म्हणजे सुखदुःखाकडे तटस्थपणे पाहणे, वाटेल. परंतु साक्षीभाव विवेकातून येतो, तर येथील तटस्थता उसनी असते आणि औषध उतरताच संपते. पुढे सवय जडली, तर चरकाने दुःखाचे मूळ म्हणून दाखवलेली तृष्णाच नव्याने उभी राहते. बरे, लाभ तरी नेहमी मोठा असतो असेही नाही: न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागांत हातापायांच्या तीव्र दुखण्यासाठी आलेल्या ४१६ रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल एकत्र दिल्याने दोन तासांनी मिळालेला आराम ओपिऑइडयुक्त तीन मिश्रणांच्या तोडीचा होता.

यावरून ओपिऑइड वर्ज्य ठरवणे मात्र चूक होय. हाडांत पसरलेल्या कर्करोगाने रात्रभर कण्हणाऱ्याला नामस्मरणही सुचत नाही. त्याच्यापुढे तितिक्षेचे, म्हणजे तक्रार न करता सोसण्याचे, प्रवचन करणे हे निव्वळ क्रौर्य आहे. तितिक्षा ही ज्याची त्याने पत्करायची साधना असून ती दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि लादणारा बहुधा स्वतः निरोगी असतो. देशाच्या कायद्याने ओपिऑइडची खरी गरज आणि त्याचा सैल वापर यांतला भेद, धर्मचर्चेत न शिरता, बऱ्यापैकी ओळखला आहे: अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या अधिनियमात २०१४ साली दुरुस्ती होऊन वेदनाशमनासाठी मॉर्फिन मिळणे सुकर व्हावे अशी तरतूद झाली, तर २०१८ साली सैल हाताने खपणारे ट्रॅमाडॉल त्याच अधिनियमाच्या कक्षेत आणले गेले. दोन्ही निर्णय योग्यच होते.