भीतीने राखलेले रान

चाळीसेक वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी मित्राकडे मे महिना काढला होता. गावाबाहेर सड्याच्या कडेला देवराई होती. बाहेर कातळ तापलेला, आणि आत पाऊल टाकावे तो ओलसर, गार काळोख. दोघांच्या कवेत न मावणारा बेहडा, मांडीएवढी जाड गारंबीची वेल, पायाखाली घोटाभर पाचोळा. चढणीला आधार म्हणून मी खाली पडलेली एक वाळकी काठी उचलली. बरोबरचे म्हातारे गुरव जागच्या जागी थांबले.

"काठी तिथंच ठेवा, मास्तर. इथली काडी घराकडे न्यायची नसते."

"अहो, वाळलेली आहे. उद्या वाळवी खाईल तिला."

"खाऊ दे की. तिच्या वाटणीचीच ती. तुम्ही उद्या मुंबईला जाल. आम्हाला देवासमोर इथंच राहायचं आहे."

मी काठी ठेवली. पण रात्री ओटीवर बसून मित्रापाशी त्या भीतीची यथेच्छ टिंगल केली. तर्कशास्त्राचा नवा अध्यापक होतो; अंधश्रद्धा दिसली की हसणे हे मला कर्तव्यच वाटे.

भीतीपोटी केलेले चांगले कृत्य चांगले म्हणावयाचे काय, हा प्रश्न जुना आहे. कांटने एका वाण्याचे उदाहरण दिले आहे. हा वाणी अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही. पण ते केवळ धंदा टिकावा म्हणून. कांटच्या मते त्याच्या वागण्यात प्रामाणिकपणा असला तरी नैतिक मोल नाही. या मापाने गुरवांच्या पदरातही काही पडत नाही. देव कोपेल म्हणून ज्याने फांदी तोडली नाही, त्याने फांदीसाठी काय केले?

परंतु रान हेतू विचारीत नाही. माधव गाडगीळ आणि वर्तक या अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या देवरायांवरचा आपला निबंध १९७६ साली प्रसिद्ध केला, आणि या भीतीने काय काय राखले आहे ते शहाण्या जगाला कळू लागले. भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी या तुकड्यांत जुने वृक्ष आणि वेली टिकून होत्या. बेहड्यासारख्या जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते. तिला आणि पुढे पिलांना नर कित्येक आठवडे फटीतून फळे भरवतो. त्याच फळांच्या बिया तो रानभर पेरीत हिंडतो. पोकळ झालेले झाड लाकूडवाल्याच्या दृष्टीने फुकट. धनेशाला मात्र तेच घर. वाळवीने खाल्लेली काठीसुद्धा अखेर मातीच होते.

मग रान राखण्याचे काम बुद्धीवर सोपवता येणार नाही काय? तसा प्रयत्न झाला आहे, आणि तो थोर प्रयत्न होता. सॅक्सनीच्या खाणींना लाकूड पुरेना, तेव्हा तिथले खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी १७१३ साली ग्रंथ लिहून सांगितले की, तोड अशी करावी की रान पुढेही देत राहील. पुढच्या पिढीचा हक्क मान्य करणारा हा विचार होता. त्याच जर्मन वनविद्येत मुरलेले डीट्रिख ब्रँडिस १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. मात्र या हिशेबाच्या वहीत मुख्य रकाना इमारती लाकडाचा. जर्मनीत मैलोगणती एकाच जातीचे स्प्रूस रांगेने वाढवले गेले. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत ती झाडे तहानेने दुबळी झाली, सालीखालच्या किड्याने त्यांना गाठले आणि हार्झच्या टेकड्या वाळक्या खोडांनी भरून गेल्या. मिश्र रानातही झाडे मरतातच; पण एक जात पडली तर दुसरी उभी राहते, आणि किड्याला शेजारीच दुसरे भक्ष्य मिळेल असे नसते.

तीन वर्षांपूर्वी मी त्या खेड्यात पुन्हा गेलो. गुरव वारले होते. कौलारू देऊळ जाऊन सिमेंटचे झाले होते, शिखराला भडक रंग होता. खर्चासाठी राईतली मोठी झाडे विकली होती. बेहडा त्यांतच गेला. गुरवांचा मुलगा मला म्हणाला, "सर, कौल लावला होता. देवानं उजवा दिला." भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी होती. तिच्यावर माझे नाव होते. मित्राच्या सांगण्यावरून मीच पाच हजार एक रुपये पाठवले होते. काय पडणार आहे ते विचारलेही नव्हते.

भीती जावी असे मला वाटत होते, आणि ती गेली होती. तिच्या जागी ज्ञान येईल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती जागा मिरवण्याच्या हौसेने घेतली, आणि त्या हौसेत माझी वर्गणी होती.

याचा अर्थ लोकांना पुन्हा भ्यायला शिकवावे, असा नाही. ज्या देवाला मी भीत नाही त्याची भीती दुसऱ्याला घालणे ही लबाडी होय. मला उमगले ते एवढेच, की एकाच हेतूवर उभे असलेले रक्षण एकाच जातीच्या रानासारखे असते. एका किडीने ते आडवे होते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००६ च्या कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. तिथे पोटाचा स्वार्थ आहे, कायद्याचा हक्क आहे, अभ्यासगटातला विचार आहे आणि सर्वांच्या संमतीने ठरवण्याची रीत आहे. भाव चढले की स्वार्थ डळमळेल. तेव्हा रीत आवरील. रीत सैल झाली तर अभ्यास जागे करील. यांतला एकही हेतू कांटच्या तराजूत पुरा उतरणार नाही. पण कांट माणसाचे मन तोलीत होता. आपल्याला जे जन्मलेले नाहीत त्यांचे देणे तोलावयाचे आहे. माझ्या हेतूच्या शुद्धतेची किंमत धनेशाने का द्यावी?

आता गुरवांचे बोलणे आठवते तेव्हा माझीच चूक दिसते. त्यांच्या वाक्यातला 'देव' तेवढा मी ऐकला. 'तिच्या वाटणीची' हे शब्द न्यायाचे होते, आणि 'इथंच राहायचं आहे' हे शेजाराचे. भीती, न्याय आणि शेजार यांचे ते मिश्र रानच होते. मी त्यातले एक झाड मोजले आणि हसलो.

राईचा निम्मा भाग अजून उभा आहे. गुरवांच्या मुलाने विचारले आहे, ग्रामसभेपुढे येऊन दोन शब्द बोलाल काय? जाईन म्हणतो. मात्र आरंभ त्या पाटीवरच्या माझ्या नावापासून करावा लागेल.