आधी हात लावून बघ

पोलादपूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात पुण्याचा एक तरुण टॅब घेऊन आला. डॉक्टर जागेवर नसताना नर्सला निदान करायला मदत व्हावी, म्हणून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. सुरुवात विंचूदंशापासून केली होती, आणि ते योग्यच होतं. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्यांपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत. डॉक्टर रात्ररात्र खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम टिपत राहिले. धोक्याची ती लक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यू शंभरात एकावर आले.

तरुणाने हे सगळं वाचलं होतं. प्रोग्रॅम मात्र जुन्या केसपेपरांवरून बांधला होता.

तिथल्या सिस्टर निवृत्तीला आलेल्या. त्यांनी पहिला प्रश्न वाचला : ‘वेदना किती? शून्य ते दहा.’

“बाळा, हा पहिला कशाला?”

“बहुतेक पेपरांवर तेच लिहिलंय, सिस्टर.”

त्या काही बोलल्या नाहीत. वॉर्डात काम होतं.

त्याच संध्याकाळी एका वाडीवरून सात-आठ वर्षांच्या पोराला आणलं. उडवीतून पेंढा काढताना बोटाला विंचू चावला होता. आधी भगताकडे नेलं होतं. आई म्हणाली, “उतरला, सिस्टर. मघा लई रडत होता, आता दुखत नाय बोलतो.” पोर खरंच गप्प होतं. तरुणाने वेदनेपुढे ‘दोन’ भरलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली : सौम्य दंश, निरीक्षणाखाली ठेवा.

सिस्टरनी पट्टीकडे पाहिलंही नाही. पोराचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चाचपला. गार. सदरा पाठीला चिकटलेला, मघाच उलटी झालेली. डॉक्टर एका बाळंतिणीला घेऊन महाडला गेले होते. सिस्टरनी फोन लावला, वजन सांगितलं, डोस विचारून घेतला आणि गोळी दिली. आई लेकराला कडेवर घ्यायला वाकली, तशा ओरडल्या, “उचलू नको! आडवाच राहू दे त्याला.” पहिल्या गोळीनंतर उभं धरलं तर रक्तदाब एकदम खाली येतो, हे त्यांनी तरुणाला नंतर सांगितलं. आणि वेदनेचंही सांगितलं. जो बोट धरून किंचाळतो, त्याचं विष बहुधा बोटापुरतंच राहतं. ज्याचं दुखणं मागे पडून अंग घामाने निथळतं, त्याच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, हृदयावर ताण येतो आणि पुढे फुप्फुसात पाणी भरतं.

तरुण रात्रभर तिथेच स्टुलावर बसला. सिस्टर येत, आधी पाय चाचपत, मग रक्तदाब घेत, मग छातीला नळी लावत. पहाटे पाय ऊबदार लागले. पोराने भाकरी मागितली.

सकाळी त्याने केसपेपरांचे गठ्ठे पुन्हा सोडले. दुखण्याने रडणाऱ्यांचे पेपर पानभर होते. सगळ्यात अत्यवस्थ पेशंटांच्या पेपरावर जेमतेम एक ओळ : घाम, हातपाय गार, महाडला पाठवले.

“तेव्हा लिहायला हात कुणाचा मोकळा असणार?” सिस्टर म्हणाल्या.

मला या साऱ्या प्रकरणात सिस्टरचं हे एक वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. कागदावरून शिकणारं यंत्र कागदाइतकंच शिकतं, आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत नर्सला जे कळतं, ते कागदावर क्वचितच उतरतं. तिला न विचारता तिच्यासाठी यंत्र बनवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

तरुणाने प्रोग्रॅम मोडून नव्याने बांधला. आता पहिली सूचना ‘हात-पाय चाचपा’ अशी होती. मग घाम, उलटी, लाळ, रक्तदाब. वेदना शेवटी. नर्सने स्वतःचं मत नोंदवल्याशिवाय यंत्राचं मत दिसत नव्हतं, आणि दोन्ही जुळली नाहीत तर दोन्ही मतं डॉक्टरांच्या फोनवर जात. त्याला प्रत्येक शंकेला लाल इशारा द्यायचा होता. सिस्टरनी तो काढायला लावला. “ऊठसूट लाल दाखवलंस, तर आम्ही बघायचंच सोडून देऊ.”

जाताना तो म्हणाला, “सिस्टर, आता सापाचं करतो. जुने पेपर देता का?”

“पेपर ने. पण सापाचे पेशंट पावसात येतात. जूनमध्ये ये आणि रात्रपाळीलाच ये.”

त्याने टॅब पिशवीत टाकला आणि भिंतीवरच्या ड्युटीच्या तक्त्यात सिस्टरच्या रात्री कोणत्या, ते बघायला गेला.