नेमाची पाळ



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेलेली असेल. धान कापून झाले असेल, पुंजणे रचले गेले असतील, आणि कोजागरीपासून महिनाभर चाललेला काकडाही संपला असेल. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत या महिन्यात पहाटे चारला टाळ वाजतो. एरवी ऊन अंगावर आल्याशिवाय न उठणारा माणूस थंड पाण्याने आंघोळ करून देवळात उभा राहतो. थंडी असो, आदल्या दिवशीच्या कापणीने कंबर मोडलेली असो, तो येतो. पौर्णिमेला काला होतो, प्रसाद वाटला जातो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात पुजारी आणि दोन म्हातारे एवढेच उरतात.

तीस दिवस उठलेले शरीर एकतिसाव्या दिवशी का उठत नाही? इच्छा संपली म्हणावे, तर तसेही नाही. विचारून पाहा, जो तो म्हणतो, "महाराज, उठायचे मनात होते." शक्ती संपली म्हणावे, तर कालपर्यंत तीच शक्ती होती. हा प्रश्न काकड्यापुरता नाही. खर्रा सोडलेला माणूस दोन महिन्यांनी पुन्हा पुडी सोडतो. रोज हरिपाठ म्हणण्याचा संकल्प पंधरा दिवसांत सुटतो. राग आवरायचे ठरवलेला बाप आठवड्यात लेकरावर हात उगारतो. चांगले काय ते आपल्याला कळते, चांगले करावेसेही वाटते, मग ते टिकत का नाही? पन्नास वर्षे कीर्तनाच्या गादीवर उभे राहून लोकांचे चेहरे पाहिले. आता आवाज साथ देत नाही, म्हणून लेखणीने हा विषय मांडतो.

शास्त्राने कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भाग केले आहेत. काही निमित्त आले म्हणून करतो ते नैमित्तिक. काही मिळावे म्हणून करतो ते काम्य. आणि रोज करायचेच म्हणून करतो ते नित्य. काकडा हे नैमित्तिक कर्म झाले. महिना आला, घंटा वाजली, शेजाऱ्याने हाक मारली, आपण उठलो. उठवणारे सगळे बाहेर होते. निमित्त सरले, उठणे सरले. ज्याला चांगली सवय जन्मभर टिकवायची आहे, त्याने तिला नित्याच्या घरात आणून बसवले पाहिजे.

काम्याची अडचण निराळी आहे. आज जो तो सवय लावतो ती फळासाठी. पहाटे उठलो तर साखर कमी होईल, जप केला तर पोराला नोकरी लागेल. फळ दिसले की माणूस म्हणतो, काम झाले. फळ दिसले नाही तर म्हणतो, उपयोग नाही. दोन्हीकडून सवय सुटतेच. नित्यकर्माला असा हिशेब नसतो. घरातली बाई रोज अंगण झाडते. महिन्याने तिला काय मिळाले असे कोणी विचारत नाही. झाडले नाही तर मात्र कचरा साचतो आणि तो दिसतो. नेमाचे तसेच आहे.

आता मन. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने सरळ सांगून टाकले की मन आवरणे म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखे आहे. भगवंतांनी ते नाकारले नाही. कठीण आहे हे मान्य केले आणि अभ्यास व वैराग्य असे दोन उपाय दिले. याच ठिकाणी माउलींनी ज्ञानेश्वरीत एक मोठी आशेची गोष्ट सांगितली आहे. मन चंचल खरे, पण त्याचा एक गुण चांगला आहे: जिथे त्याला गोडी लागते, तिथे ते सोकावते. म्हणजे ज्या स्वभावामुळे खर्रा सुटत नाही, त्याच स्वभावामुळे नामही सुटेनासे होऊ शकते. मन आपले वैरी नाही. त्याला कोणत्या दावणीला बांधले, एवढाच प्रश्न आहे.

मग सुरुवात किती मोठी करावी? इथेच बहुतेकांचे बिघडते. सप्ताहात कीर्तन ऐकून भारावलेला माणूस घरी जाऊन ठरवतो: उद्यापासून पहाटे तीनला उठणे, ज्ञानेश्वरीचा एक अध्याय, हरिपाठ, बारा माळा जप. चौथ्या दिवशी यातले एकही नसते. बाराव्या अध्यायात माउलींनी काय सांगितले ते आठवा. ज्याला सगळे चित्त देता येत नाही, त्याला त्यांनी रागे भरले नाही. आठ प्रहरांत एक निमिषभर तरी दे, एवढेच मागितले. त्या एका निमिषात जे सुख भेटेल, तेवढीच विषयाची ओढ कमी होईल. शरद ऋतू लागला की नदीचे पाणी हळूहळू ओसरते, तशी ती ओसरेल; पौर्णिमेनंतर चंद्र जसा रोज थोडा थोडा कमी होत अमावास्येला नाहीसा होतो, तसे चित्त भोगातून सुटेल. पाहा, माउलींना घाई नाही. हरिपाठाचे सत्तावीस अभंग जमत नसतील तर एक म्हणा. पण तो एक रोज म्हणा.

आपल्या भागाला हे जास्त लागू आहे, आणि त्याचे कारण आपली शेती आहे. पंढरपूर आपल्यापासून सातशे-आठशे किलोमीटर. आषाढी येते तेव्हा इकडे पऱ्हे तयार झालेले असतात, रोवणीसाठी बांधीत चिखल होत असतो. कार्तिकी येते तेव्हा धान कापणीला आलेले असते. दोन्ही मोठ्या वाऱ्या धानवाल्या शेतकऱ्याच्या नेमक्या जिवावरच्या दिवसांत पडतात. रोवणी आठ दिवस मागे गेली तर वर्षाचे पोट मागे जाते. म्हणून इथला गरीब माळकरी आषाढीला गुडघाभर चिखलात उभा असतो, आणि आपण वारी चुकवली या विचाराने मनात खंतावतो. त्याला माझे सांगणे आहे: माघी आहे, चैत्री आहे, जमेल तेव्हा अवश्य जा. पण वारीचा अर्थ फिरून फिरून येणे असा आहे, आणि ते रोज घरीही करता येते. सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यात तेच केले. जनाबाईंनी दळताकांडताना तेच केले. जनाबाईंची युक्ती तर फार उपयोगी आहे. त्यांनी नामासाठी निराळा वेळ शोधला नाही. जे काम रोज होणारच होते, त्याच्या खुंटीला नाम अडकवले. जाते थांबणार नव्हते, म्हणून नामही थांबले नाही. आपणही हेच करावे. गाईची धार काढताना, चुलीत जाळ घालताना, सायकलवरून मिलमध्ये कामाला जाताना. वेळ सापडत नाही ही तक्रार मग उरत नाही.

आता दृष्टांत आपल्याच मातीतला घेऊ. भंडारा आणि गोंदिया हा तलावांचा मुलूख. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. कोहळी समाजाच्या हातांनी या भागात असे असंख्य तलाव उभे राहिले. बहुतेकांची पाळ मातीची. मातीची पाळ पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी? एकदाच फार मजबूत बांधली म्हणून टिकली नाही. दर उन्हाळ्यात गाव पाळीवर माती टाकत असे, गाळ उपसून शेतात नेत असे, पावसाआधी खचलेली जागा पाहून ठेवत असे, म्हणून टिकली. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ती संपली हे न्यायाचेच झाले. पण तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर माती टाकणे हे रोजच्या माणसाचे काम राहिले नाही. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांतले कितीतरी गाळाने भरले. कोणी ते फोडले नाहीत. फक्त दरवर्षीचे काम थांबले.

चांगली सवय अशीच मातीची आहे. ती एकदा लागली की दगडासारखी पक्की झाली, असे समजू नका. वीस वर्षे निर्व्यसनी राहिलेल्या माणसानेही रोज एक टोपले माती टाकावीच लागते. आणि पाळ फुटते ती पुराने क्वचितच. धुऱ्यातून पाणी कसे जाते हे शेतकऱ्याला सांगायला नको. खेकड्याचे एक बीळ पुरते. "आज पाहुणे आहेत, आज राहू दे." "लग्न आहे, एवढ्या एका दिवसाने काय होते?" हीच ती बिळे. ती लहान असतानाच बुजवावीत.

इथे कोणी शंका घेईल: महाराज, रोज रोज करून नेम यांत्रिक होतो. तोंड हरिपाठ म्हणते आणि मन बाजारात असते. अशा नेमाचा काय उपयोग? शंका खरी आहे. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या: दीर्घकाळ, खंड न पाडता, आणि आदराने. पहिल्या दोन आपण लक्षात ठेवतो, तिसरी विसरतो. आदर नसलेला नेम खरोखर ओझे होतो. म्हणून हरिपाठाला बसताना पाय धुवा, दिवा लावा, क्षणभर डोळे मिटा. तरीही मन पळाले तर? पळू द्या, पण तुम्ही उठू नका. रिकाम्या तलावाची पाळही सांभाळावी लागते, कारण पाऊस कधी येईल हे आपल्या हाती नाही. येईल तेव्हा पाणी धरायला पाळ शाबूत हवी. प्रेम हा पाऊस आहे, नेम ही पाळ आहे. पाळीने पाऊस पडत नाही हे खरे. पण पाळ नसली तर पडलेला पाऊस वाहून जातो.

आता सर्वांत नाजूक जागा. नेम तुटला तर?

आपल्या गावांत दारू सोडण्यासाठी माळ घालणारे पुष्कळ असतात. त्यांच्या घरातली चूल त्या माळेवर पेटत असते. असा एखादा माणूस दोन वर्षे नीट राहतो आणि एखाद्या वरातीत पाय घसरतो. सकाळी शुद्धीवर येतो तेव्हा शरमेने माळ काढून देव्हाऱ्यात ठेवतो आणि म्हणतो, "आता मी त्या लायकीचा राहिलो नाही." मग एका रात्रीची चूक वर्षाची होते. त्याला दारूने एक रात्र पाडले. पुढचे वर्ष निराशेने पाडले. त्यात आपलाही हात असतो. पारावर कोणीतरी म्हणतो, "पाहा आमचे माळकरी!" लोक हसतात, आणि त्या माणसाची देवळाची वाट बंद होते.

अर्जुनाने हाच प्रश्न विचारला होता. श्रद्धेने निघालेला पण मध्येच घसरलेला माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? भगवंतांचे उत्तर स्पष्ट आहे. त्याचा नाश होत नाही. चांगले करणाऱ्याची वाईट गती होत नाही. केलेला अभ्यास वाया जात नाही, तो पुढे जिथून सुटला तिथून त्याला ओढून घेतो. देव ज्याला टाकत नाही, त्याला टाकणारे आपण कोण? अशा माणसाच्या घरी दुसऱ्याच दिवशी जा. उपदेश करू नका. "संध्याकाळी हरिपाठाला ये, टाळ धरायला माणूस कमी आहे," एवढेच सांगा.

अखंड हरिनाम सप्ताहातली वीणा पाहा. सात दिवस, सात रात्री ती जमिनीवर टेकत नाही. पण एकच माणूस सात दिवस जागा असतो का? नाही. पहारा बदलतो. एकाचे डोळे जड झाले की दुसरा पुढे होतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. अखंडपणा त्या मंडळीचा असतो, एकट्याचा नसतो. मला वाटते, चांगली सवय टिकवण्याचे सर्वांत मोठे रहस्य हेच आहे. एकट्याच्या निश्चयावर ती उभी करू नका. काकडा महिनाभर टिकला, कारण हाक मारणारे होते. तर मग पौर्णिमेनंतरही हाक मारणारे दोन माणसे ठरवून ठेवा. नवरा-बायकोने एकत्र एक अभंग म्हणावा. आजोबांनी नातवाला मांडीवर घ्यावे. ज्या दिवशी तुम्ही थकाल, त्या दिवशी तो म्हणेल, "आबा, आज हरिपाठ राहिला."

शेवटी एक कसोटी सांगतो. नेम नीट चालला आहे की नाही, हे माळा मोजून कळत नाही. घरच्यांना विचारा. एकादशी धरली आणि दिवसभर सुनेवर खेकसलो, तर पोट उपाशी राहिले, एकादशी झाली नाही. सहा महिने नेम केल्यावर तुमचा आवाज थोडा खाली आला असेल, मजुराची मजुरी न मागता वेळेवर जात असेल, शेजाऱ्याच्या बांधीत पाणी सोडताना हात आखडत नसेल, तर समजा पाणी मुरते आहे. पुंडलिकाचे उदाहरण आपल्यापुढे विटेवर उभे आहे. देव दारी आला तरी त्याने आईबापांची सेवा मध्येच सोडली नाही, आणि देवाने रागावण्याऐवजी कमरेवर हात ठेवून वाट पाहिली. रोजचे चांगले काम मनापासून करणाऱ्यासाठी देव थांबतो, एवढे त्या विटेवरून आपण शिकावे.

तेव्हा माउलींनो, मोठा संकल्प करू नका. आज संध्याकाळी दिवा लावल्यावर एक अभंग म्हणा, किंवा एक पुडी कमी खा, किंवा एक कडू शब्द गिळा. उद्या तेच करा. परवा चुकले तर तेरवा पुन्हा धरा, आणि ज्याचे चुकले असेल त्याला सोबत घ्या. रोजचे एक टोपले माती, एवढेच आपले काम. पाऊस पांडुरंगाकडे.

रामकृष्ण हरी.