गळती

शहाडच्या पंप हाऊसमधून निवृत्त झाल्यावरही अण्णा पाना जवळ बाळगायचे. शिमल्याला निघताना सुनेने तो दोनदा बॅगेतून काढून ठेवला. शेवटी अण्णांनी तो लोकरीच्या मोज्यात गुंडाळून नेला.

त्यांची उभी नोकरी उल्हास नदीच्या काठावर गेली होती. शहाडला नदीतून पाणी उपसायचं, भिवंडीजवळ टेमघरला ते शुद्ध करायचं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पोचवायचं, असा त्या योजनेचा कारभार. जलपर्णी आणि कचरा जाळीला अडकला की तिकडे ठाण्यात नळाची धार बारीक होते आणि इकडे फोन वाजायला लागतात. अण्णांनी ते फोन ऐकले होते, भर पुरात जाळ्या साफ केल्या होत्या. पण त्यांचा खरा अभिमान वेगळाच होता. टेमघरच्या वाटेवर मोठ्या पाइपाला कुठे पाझर फुटला की पथकाबरोबर जाऊन तो बंद करायचा आणि परत आल्यावर लॉगबुकात दोनच शब्द लिहायचे, ‘गळती बंद’.

२०१८ चा मे संपत आला होता. शिमल्यात पाण्यावाचून दाणादाण उडाली होती. टँकरमागे रांगा, रस्त्यावर मोर्चे. पाहुण्यांनो, सध्या येऊ नका, असं शहरातलेच लोक सांगत होते. उच्च न्यायालयाने आठवडाभर बांधकामं आणि गाड्या धुणं बंद ठेवायला सांगितलं होतं. बड्या लोकांच्या घरी टँकर पाठवायचे नाहीत असाही हुकूम काढला होता आणि त्यातून न्यायाधीशांनाही वगळलं नव्हतं. पण मुलाने बुकिंग जानेवारीत केलेलं. पैसे परत मिळणार नव्हते. आगाऊ भरलेल्या पैशापुढे कुठल्याही शहराच्या विनवण्या मध्यमवर्गीय माणसाला ऐकू येत नाहीत.

कालक्याहून छोट्या गाडीने वर चढताना नातू बोगदे मोजत होता. शंभरावर आहेत, तो चाळिशीतच झोपला. अण्णा मात्र खिडकीतून खाली दऱ्यांकडे बघत होते. ओढा इतका खाली आणि गाव इतकं वर, तर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, किती येत असेल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला होता. शिमल्याचा मोठा भार गुम्म्याच्या योजनेवर आहे आणि तिथून पाणी हजारभर मीटर उंच चढवावं लागतं, हे त्यांना एका टॅक्सीवाल्याने सांगितलं. अण्णांनी तोंडात बोट घातलं. शहाडला त्यांना एवढी चढण कधी बघावीच लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळे रिजवर गेले. त्या मोकळ्या पटांगणाच्या पोटात इंग्रजांच्या काळातली पाण्याची टाकी आहे, चाळीस लाख लिटरहून मोठी. लोक तिच्यावर उभे राहून आइस्क्रीम खात होते. अण्णांनी टाच आपटून पाहिली. नातू हसला, तेव्हा त्यांनी त्याला आणखी एक गंमत सांगितली. या डोंगरधारेच्या एका अंगाला पडलेला पाऊस सतलजेला मिळून अरबी समुद्रात जातो, दुसऱ्या अंगाचा यमुनेतून बंगालच्या उपसागरात.

“आणि आपल्या शहाडचं पाणी?”

“त्यातलं काही वाट बदलून आलेलं आहे. मावळातली आंध्रा नदी खरी पूर्वेला जायची. टाटांनी १९२२ मध्ये ठोकरवाडीला धरण बांधून तिचं पाणी घाटाखाली भिवपुरीला सोडलं, वीज काढायला. तिथून ते उल्हासेत येतं.”

“मग पूर्वेकडच्या लोकांचं काय झालं?”

एवढ्यात सून फोटोसाठी हाका मारायला लागली आणि अण्णांची सुटका झाली.

हॉटेल कार्ट रोडच्या खालच्या उतारावर होतं. खोलीच्या दाराला चिठ्ठी: माणशी एक बादली. मुलगा काउंटरवर जाऊन तणतणला. एवढे पैसे मोजून बादलीने अंघोळ करायची तर शहाडची चाळ काय वाईट होती! मॅनेजर हात जोडून ऐकत राहिला. टँकर विकत घ्यावा लागतोय, भाव रोज वाढतोय, मालक चंदीगढहून हिशेब मागतो, एवढंच तो म्हणाला.

त्या रात्री अण्णांना गळतीचा आवाज आला. ज्याला तो आवाज कळतो त्याला झोप लागत नाही. पहाटे ते गच्चीवर गेले. टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हची ग्लँड पाझरत होती. बारीकच, पण अखंड धार भिंतीवरून ओघळून खालच्या अंधारात जात होती. अण्णांनी मोज्यातून पाना काढला, नटं सोडली, स्वेटरच्या बाहीची लोकर उसवून तिला तेल लावलं आणि दोऱ्यासारखी आत भरली. नटं आवळली. धार थांबली.

न्याहारीच्या वेळी त्यांनी मॅनेजरला ही बातमी दिली. तो खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. मॅनेजरने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला, “अच्छा किया, बाबूजी,” म्हणाला आणि निघून गेला. मुलगा मात्र दिवसभर प्रत्येकाला सांगत होता, आमच्या वडिलांनी फुकटात एक टँकर वाचवला.

पुढच्या सकाळी कुफ्रीला जायची गाडी दारात उभी असताना एक बाई रिकामं पिंप घेऊन पायऱ्या चढून वर आली. ती मॅनेजरशी पहाडीत बोलली. आवाज चढला नाही, पण तिने पिंप काउंटरसमोर ठेवलं ते उचललं नाही. अण्णांना भाषा कळली नाही. पिंप कळलं.

मॅनेजरने मग सांगितलं. हॉटेल उभं आहे तिथे पूर्वी बावडी होती, डोंगरातून झिरपणारं पाणी साठवणारं दगडी कुंड. खालची चार घरं तिच्यावर जगायची. पाया खणला आणि झरा आटला. तेव्हाच्या मालकाने तोंडी शब्द दिला, तुमचं पाणी आमच्याकडे. तो वारला. नव्या मालकाला कागद लागतो, आणि कागद नाही. मॅनेजरकडे ना कागद होता ना अधिकार. त्याने व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा नाही, एवढंच ठरवलं. धारेखाली त्या घरांनी पन्हळ लावली. रात्रभरात दोन पिंपं भरायची.

अण्णा बाकावर बसले. टेमघरच्या वाटेवरच्या गळत्यांपाशी झोपड्या असायच्या. पथक पोचलं की बाया हंडे घेऊन बाजूला व्हायच्या. भांडायच्या नाहीत, वेल्डिंग संपेपर्यंत नुसत्या उभ्या राहायच्या. आपण त्यांना चोर समजत होतो की अडथळा, हेही अण्णांना आता आठवेना. त्यांची सासुरवाडी शहापूर तालुक्यातली. भातसा, तानसा तिथे, मुंबईचं पाणी तिथून, आणि उन्हाळ्यात गावाला टँकर. सासरा ते दरवर्षी बोलून दाखवायचा आणि अण्णा, पाण्याच्या खात्यातला जावई, त्याला तांत्रिक अडचणी समजावून सांगायचे.

“अण्णा, गाडी थांबलीय,” मुलगा म्हणाला.

“पाना कुठेय?”

“आता काय दुरुस्त करायचंय?”

अण्णा काही न बोलता गच्चीकडे निघाले. मागोमाग मॅनेजर, नातू, आणि गाडीवाल्याच्या हॉर्नला वैतागून मुलगाही. अण्णांनी नट सैल करायला घेतलं तसा मुलगा म्हणाला, “चांगलं केलेलं बिघडवताय? टँकरचं पाणी आहे ते, विकतचं. आपल्या अंघोळीतलं जाणार.”

“जाऊ दे. मी एक दिवसाआड करीन.”

“आणि आपण गेल्यावर? पुढच्या गिऱ्हाइकाने ओरड केली, मालकाने प्लंबर पाठवला, तर?”

याला अण्णांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. तो म्हणाला, मालक येतो दिवाळीत, त्याच्याशी बोलायची हिंमत मी अजून केलेली नाही. या खेपेला बघू.

लोकर ओढून काढल्यावर थेंब सुटले, मग धार. खालून बाईची हाक आली. मॅनेजरने अर्थ सांगितला: आधी होती तेवढी नाही, अजून थोडी.

अण्णांनी पाव आटा फिरवला. पुन्हा हाक.

“बस, बस!” मॅनेजर घाबरून म्हणाला, “बिल में दिखेगा.”

नातू कठड्यावरून वाकून खाली ओरडला, “कितना?” खालून हाताचा पंजा वर झाला. अण्णांनी मॅनेजरकडे एकदा बघितलं आणि आणखी पाव आटा सैल केला.

कुफ्रीची गाडी तोवर निघून गेली होती. तिचा ॲडव्हान्स परत मिळवायला मुलगा दोन दिवस भांडला आणि निम्मा घेऊन आला.