दोन रुपयांचा फरक

महिनाअखेरीला किर्द आणि पासबुक शेजारी-शेजारी घेऊन बसलं की सगळ्यांना धास्ती असते मोठ्या फरकाची. पण मोठा फरक बिचारा आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. 360 रुपयांचा फरक निघाला, त्याला 9 नं पूर्ण भाग गेला, की मुरलेला हिशेबनीस आधी उलटे पडलेले आकडे बघतो. 5,840 च्या जागी कुणीतरी 5,480 लिहिलेले असतात. 2,400 चा फरक असेल, तर 1,200 ची एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का, ते आधी पाहायचं. आणि 17 रुपये 70 पैसे दिसले तर शोधत बसायचंच नाही. बँकेनं एसएमएसचे 15 रुपये कापले, वर 18 टक्के जीएसटी.

घात करतो तो दोन रुपयांचा फरक.

पुणे-सातारा रस्त्यावर नीरेच्या अलीकडे सारोळे, पूल ओलांडला की शिरवळ आणि सातारा जिल्हा. समजा, सारोळ्यातल्या एखाद्या दूध संस्थेच्या किर्दीत शिल्लक निघाली 84,312 आणि पासबुकात 84,310. सगळे थकलेले, सकाळी पुन्हा दूध घ्यायचंय. कुणीतरी म्हणणारच, ‘अहो, दोन रुपयांसाठी कशाला रात्र जागवताय? किरकोळ खर्चात टाका.’ पत्रकावर सही होते, दिवे मालवले जातात.

आता त्या दोन रुपयांच्या आत डोकावा. पशुखाद्यवाल्याला संस्थेनं दिलेला 12,500 चा चेक त्यानं अजून बँकेत भरलेलाच नाही, तेव्हा तेवढे पैसे पासबुकात जास्त दिसतायत. आणि पलीकडच्या एका गिऱ्हाइकानं संस्थेला दिलेला 12,502 चा चेक वटलाच नाही. किर्दीत मात्र तो थाटात जमा आहे. दोन चुका एकमेकींच्या पाठीमागे लपल्या आणि बाहेर उरले फक्त दोन रुपये. संस्थेची खरी शिल्लक 71,810. पहिल्या चेकची काळजी नाही, तो आज ना उद्या वटेल, फार तर तीन महिन्यांनी मुदत संपेल आणि नवा द्यावा लागेल. दुसऱ्याचे पैसे मात्र कुणीतरी मागायला जायला हवं होतं, आणि ते येणं आहे हेच कुणाच्या ध्यानात नाही.

शेवटचे आकडे जुळले म्हणजे हिशेब जुळला, ही समजूतच मुळात चुकीची. जुळवायची असते एकेक नोंद. किर्दीतल्या रकमेवर पेन्सिलीची खूण, तिच्याच जोडीदारावर पासबुकात खूण. दोन्हीकडे जे बिनखुणेचं राहील, तेवढंच खरं काम.

सारोळे ज्या तालुक्यात येतं, त्या भोर तालुक्याला हे नवं सांगायला नको. भोर हे पंतसचिवांचं संस्थान, 1948 साली विलीन होईपर्यंत. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिवाकडे कामच हे होतं: राजपत्रांतला कमीजास्त मजकूर शोधून दुरुस्त करणं आणि महाल-परगण्यांचे हिशेब तपासणं. कुणी तक्रार केली तरच कागद उघडायचा, असला प्रकार नव्हता. बरोबर दिसणारा कागदही नजरेखालून जायचा. आमच्याकडे मात्र तपासणी म्हणजे लेखापरीक्षकाचं काम, आणि तो येणार मार्चनंतर, तोवर कपाट बंद!

तोवर थांबणं किती महागात पडतं, ते त्या 12,502 च्या चेकवरूनच बघा. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली दाद मागण्याची सोय आहे. पण बँकेकडून तसं कळल्यापासून 30 दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस जावी लागते. परत आलेल्या चेकची चिठ्ठी फायलीत टाचून ठेवलेली, फरक किरकोळ खर्चात गेलेला, आणि तारीख उलटून गेलेली. तेव्हा पासबुक या आठवड्यातच भरून आणा, आणि शिल्लक जुळली असली तरी पेन्सिल हातात घ्या.