गडगा पाडण्याआधी

चि. सायली,

कलमांच्या बागेचा जुना गडगा काढून तिथे सिमेंटचे कंपाऊंड घालायचे तू मनावर घेतले आहेस, असे तुझ्या बाबाने फोनवर सांगितले. बाग आता तू बघतेस, तेव्हा निर्णय तुझाच. पण गवंड्याला इसार देण्याआधी माझे थोडे ऐक.

गडग्याचा सगळा गुण त्याच्या फटींत आहे. जमीन लागवडीला आणताना निघालेले दगड बांधावर रचले, तोच हा गडगा. चुना नाही, माती नाही. पाया रुंद, वर निमुळता, पोटात बारीक दगडांची भर. आषाढात वरच्या कातळाच्या सड्यावरून येणारा लोंढा या फटींतून वेग हरवून खाली उतरतो आणि बरीचशी माती वरच्या अंगालाच राहते. सिमेंटच्या भिंतीमागे तेच पाणी तुंबते. पुरेशी भोके ठेवली नाहीत, तर एखाद्या पावसाळ्यात अख्खी भिंत आडवी होते. गडगा ढासळला तर हातभर ढासळतो, आणि दोन गडी तो दुपारपर्यंत पुन्हा घालतात.

गडग्याचा दगड जांभा; सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा. पावसात त्यावर शेवाळ, नेचे, तेरडा उगवतो. दिवाळीनंतर ते वाळते, पण चैत्रात वरच्या दगडाला हात लावू नये असा चटका बसतो, तेव्हाही आत हात दीड हातावर गारवा असतो. त्या गारव्यावर कितीजण उन्हाळा काढतात! बेडूक, गोगलगाई, गोमी. सापसुरळी सकाळी दगडावर ऊन खात बसते आणि चाहूल लागली की आत. कुंभारीण माशी फटीत चिखलाची घरटी करून त्यांत पिल्लांसाठी बेशुद्ध केलेले कोळी भरते. एखाद्या खोल भोकात दयाळ घर करतो. उंदरांमागून धामण येते, आणि ती आली की उंदरांचा बंदोबस्त आपल्याला करावा लागत नाही.

फुरशाचे भय तुला वाटते, ते खोटे नाही. फुरसे आणि लाल विंचू दोघेही इथलेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुळवला, त्याआधी विंचवाने कोकणात कितीतरी माणसे दगावत. पण गडगा पाडला म्हणून फुरसे गाव सोडत नाही. ते पालापाचोळ्यात आणि लाकडांच्या राशीत शिरते, म्हणजे घराच्या आणखी जवळ.

आणखी एक. गडग्याची डागडुजी करायची ठरलीच, तर सड्यावरचे सुटे दगड उचलून आणू नकोस. रत्नागिरीकडच्या कातळावर अशा दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते. शास्त्राला ती १९६३ साली ठाऊक झाली, आणि कोकणच्या या पट्ट्याबाहेर ती फारशी कुठे नाही. तिच्या डोक्यावरचे छप्पर काढून आपले कुंपण कशाला घालायचे? ढासळलेलेच दगड पुरतात.

गुरे आत येतात ही तुझी तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी गडग्यावर करवंदाची किंवा निवडुंगाची रांग लाव, आणि बागेच्या दाराचे मोडलेले बेडे आधी नीट करून घे. काम पावसाआधी उरक. पायात गमबूट घाल, दगड पहारीने हलवल्याशिवाय खाली बोटे घालू नकोस, आणि गड्यांनाही तेच बजाव.

तुझे,
आबा